कोऱ्या डिस्कची कसोटी

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे हिशेबाचे, लेखनाचे वा छपाईचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून स्मृती, डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर अशा सर्व साधनांचा कारभार पाहणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची सर्वांत परिचित उदाहरणे. कार्यप्रणाली बिघडली, मंदावली किंवा तिच्यात व्हायरस शिरला, की डिस्कचा तिने व्यापलेला भाग पुसून मूळ प्रतीवरून ती पुन्हा बसवली जाते. या क्रियेला येथे स्वच्छ पुनर्स्थापना म्हटले आहे. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांसारख्या बाजारपेठांतील दुरुस्तीच्या दुकानांत तिलाच ‘विंडोज मारणे’ किंवा ‘फॉरमॅट मारणे’ असे म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ती तास-दोन तासांत उरकणारी आणि आता जवळजवळ स्वयंचलित झालेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे गंभीरपणे पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की स्वच्छ पुनर्स्थापना हा दुरुस्तीपेक्षाही नोंदींच्या मालकीचा प्रश्न आहे. ज्या संस्थेला आपला संगणक कोणत्याही दिवशी निःशंकपणे पुसता येतो, तिच्याच नोंदी खऱ्या अर्थाने तिच्या ताब्यात असतात. जिला तो पुसण्याची धास्ती वाटते, तिच्या नोंदी केवळ यंत्र अजून चालते आहे म्हणून टिकून असतात.

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात विशेष तीव्रतेने उभा राहतो. २०२४ साली अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झालेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, आणि त्याचा ग्रामीण अर्थव्यवहार प्रामुख्याने सहकारी संस्थांच्या आधाराने उभा राहिलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यापासून गावोगावच्या विकास सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्थांपर्यंत या प्रत्येक संस्थेचा प्राण तिच्या नोंदवहीत असतो. सभासदाची कर्जखतावणी, दुधाचे रोजचे लिटर आणि फॅट, उसाच्या काट्यावरची वजने, ठेवीदारांची खाती, ग्रामपंचायतीची कर आकारणी, शाळेतील विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा या सर्व गोष्टी पूर्वी जाड बांधणीच्या रजिस्टरांत असत. गेल्या पंचवीस वर्षांत त्या क्रमाक्रमाने संगणकात गेल्या. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना विकास सोसायट्या म्हणतात त्यांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा या प्रवाहाला राष्ट्रीय धोरणाचे रूप आले. मात्र रजिस्टर कपाटात ठेवण्याची, त्याला कसर लागू न देण्याची आणि पदभार सोडताना ते यादीनिशी दुसऱ्याच्या हवाली करण्याची जी शिस्त कागदाच्या काळात मुरली होती, तिचा संगणकीय अवतार अनेक ठिकाणी घडलाच नाही.

अशा परिस्थितीत पुनर्स्थापनेची एक मोठी लाट आली आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आधार थांबणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे; प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या मिळणे बंद होणे, आणि म्हणून प्रत्येक महिन्यागणिक ते यंत्र अधिक उघडे पडणे, असा त्याचा अर्थ आहे. नवी विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि सर्वसाधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधी घेतलेली असंख्य सुस्थितीतील यंत्रे अधिकृत मार्गाबाहेर राहतात. मुदतवाढीची सशुल्क वा सशर्त सोय घेणे, नवे यंत्र घेणे, लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवणे किंवा तसेच चालवत राहणे, एवढेच पर्याय उरतात. यांपैकी पहिला पर्याय तात्पुरता, शेवटचा धोक्याचा, आणि मधल्या दोन्हींत जुन्या डिस्कवरील मजकूर सुखरूप बाहेर काढण्याचा प्रश्न अटळ आहे. सुरक्षाविषयक दुरुस्ती न मिळालेल्या यंत्राचे काय होते, याचे उदाहरण १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, ती बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच उपलब्ध झाली होती. ती न बसवलेल्या असंख्य यंत्रांतील फायली कुलूपबंद झाल्या.

पुनर्स्थापनेने काय साधते आणि काय साधत नाही, हे वेगळे करणे येथे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे बसवलेले आणि अर्धवट काढलेले प्रोग्रॅम, सुरू होतानाच जागे होणाऱ्या अनावश्यक सेवा, परस्परांशी न पटणारे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राशी बोलण्यासाठी लागणारी छोटी सॉफ्टवेअरे, आणि नेहमीचे व्हायरस, यांपासून ती बहुतांशी मुक्ती देते. मात्र झिजत चाललेली डिस्क, अपुरी रॅम, धुळीने गुदमरलेला पंखा किंवा वीज वारंवार जाऊन-येऊन दुबळा झालेला वीजपुरवठ्याचा भाग यांवर तिचा काहीही उपाय चालत नाही. उलट मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर पुन्हा सर्व प्रणाली लिहिण्याचा ताण टाकल्यास तिचे उरलेसुरले आयुष्य त्यातच संपते आणि वाचवता आला असता तो मजकूरही जातो. म्हणून डिस्कच्या प्रकृतीची तपासणी, जी डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींवरून काही मिनिटांत करता येते, ती पुनर्स्थापनेच्या आधी व्हावी. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूनेही एक रास्त मुद्दा आहे. बिघाडाचे नेमके कारण शोधायला कधी अर्धा दिवस लागतो, त्या श्रमाचे पैसे ग्राहक देत नाही, आणि फॉरमॅटची मजुरी मात्र ठरलेली असते. त्यामुळे कोणताही बिघाड असो, फॉरमॅट मारून देणे हाच दुकानदाराला परवडणारा मार्ग ठरतो. दोष येथे एका व्यक्तीचा नसून निदानाला मोल न देणाऱ्या व्यवहाराचा आहे, आणि तो बदलायचा असेल तर संस्थांनी कारण शोधण्याची मजुरी वेगळी देण्याची तयारी दाखवली पाहिजे.

प्रत्यक्ष क्रियेतील सर्वांत धोक्याचा क्षण कोणता, हे जवळून पाहिल्यास या विषयाचे गांभीर्य उमगते. विंडोजच्या बहुतेक संगणकांत डिस्कचे दोन-तीन भाग केलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. सी ड्राइव्हमध्ये प्रणाली आणि डी किंवा ई ड्राइव्हमध्ये फायली, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ‘आमचे सगळे डीमध्ये आहे, सी मारा’ हे वाक्य याच समजुतीतून येते. वस्तुतः डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांतील सर्व मजकूर, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, आणि बऱ्याचदा टॅलीसारख्या हिशेबी प्रोग्रॅमचा डेटासुद्धा सी ड्राइव्हमध्येच असतो, कारण मूळ मांडणीत डेस्कटॉप ही सी ड्राइव्हमधील वापरकर्त्याच्या खात्याखालची एक जागा आहे. दुसरे असे की पुनर्स्थापना सुरू झाल्यावर ‘कोठे बसवायचे’ असे विचारणारा जो पडदा येतो, त्यावर सी आणि डी ही अक्षरे दिसतच नाहीत. तेथे केवळ डिस्क ०, पार्टिशन १, पार्टिशन २ असे क्रमांक, त्यांचे आकार आणि भागाला नाव दिलेले असेल तर ते नाव, एवढेच दिसते. प्रणाली सुरू करण्यासाठी लागणारा सुमारे १०० मेगाबाइटचा एक छोटा भाग आणि दुरुस्तीसाठी राखलेला आणखी एक भाग त्याच यादीत असल्याने क्रमांक सरकलेले असतात. दोन भाग सारख्याच आकाराचे असतील, त्यांना नावे दिलेली नसतील आणि आधी आकार लिहून ठेवलेले नसतील, तर सोसायटीची पंधरा वर्षांची खतावणी आणि टाकाऊ झालेली प्रणाली यांच्यामधील फरक त्या पडद्यावर एका अंकाइतकाच उरतो.

पूर्वी अशी चूक झाली तरी आशेला जागा असे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर जलद फॉरमॅट केल्यास मुख्यतः फायलींची अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो, आणि त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर तो विशेष सॉफ्टवेअरने बऱ्याच प्रमाणात परत मिळतो. दुरुस्तीच्या धंद्यात ‘रिकव्हरी होते’ हा विश्वास याच अनुभवातून रुजला. तबकडी नसलेल्या एसएसडीच्या बाबतीत हा विश्वास लागू पडत नाही. अशा डिस्कला प्रणाली ट्रिम नावाची आज्ञा देऊन कोणते कप्पे आता नको आहेत ते कळवते आणि डिस्क आपल्या सवडीने ते खरोखरच रिकामे करते, त्यामुळे पुसलेला मजकूर परत मिळण्याची शक्यता फारच थोडी राहते. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास, डिस्कवरील मजकूर आपोआप गूढलिपीत बदलण्याची सोय पुष्कळ यंत्रांवर सुरू असते. चोरीपासून ती उत्तम संरक्षण देते. पण ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कोठे आहे हे ठाऊक नसताना प्रणाली बिघडली, तर स्वतःचाच मजकूर स्वतःला वाचता येत नाही. तंत्रज्ञान जसजसे सुधारले तसतशी निष्काळजीपणाला मिळणारी सवलत कमी होत गेली, असा या दोन्ही उदाहरणांचा निष्कर्ष आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत या धोक्याला आणखी एक पदर आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान होते, परंतु विंडोजवर देवनागरी नीट दिसण्याची सोय विंडोज २००० पासून झाली, आणि विंडोज एक्सपीमध्येही ती आपोआप मिळत नसे. प्रत्येक फॉरमॅटनंतर प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन संबंधित चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. या अडचणीच्या काळात मराठी छपाई, निमंत्रणपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्थानिक साप्ताहिके आणि ग्रामसभांचे ठराव श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे आयएसएम यांसारख्या पॅकेजांतील फाँटांत टाइप झाले. यांतील अनेक फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवणारे होते, म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवली जात आणि विशिष्ट फाँटमुळेच ती मराठी दिसत. फॉरमॅटमध्ये तो फाँट गेला की फाइल शाबूत राहूनही तिच्यात अर्थहीन चिन्हांची रास दिसू लागते. जिला बॅकअप म्हणतात ती राखीव प्रत घेताना फायली उतरवल्या, पण कोणत्या फायलीला कोणता फाँट लागतो हे लिहून ठेवले नाही, तर वीस वर्षांपूर्वीचा ठराव हाती असूनही वाचता येत नाही. ज्या जिल्ह्यातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले आणि जेथील नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे पत्र दशकानुदशके चालवले, त्या जिल्ह्याच्या जुन्या छापील मजकुराला वाचायला केवळ उजेड आणि डोळे लागतात. १९९५ ते २०१० या काळातील संगणकीय मजकुराला मात्र त्याच्या फाँटची जोड नसेल तर तो त्याहून अलीकडचा असूनही अधिक लवकर नष्ट होईल. म्हणून अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, आणि रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडतात हे ध्यानात घेऊन मूळ मुद्रित प्रतीशी त्या ताडून पाहणे, हे काम पुनर्स्थापनेच्या आधीचे आहे.

येथवर काय वाचवायचे याचा विचार झाला. आता नव्याने काय बसवायचे याचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे, कारण पुनर्स्थापना ज्या प्रतीवरून होते त्या प्रतीइतकीच ती स्वच्छ असते. या तत्त्वाचे मराठी संस्कृतीतील सर्वांत मोठे उदाहरण याच जिल्ह्यातील ग्रंथाशी निगडित आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. पुढील तीन शतकांत तिच्या प्रतीवरून प्रती होत गेल्या, लेखकांच्या हातून पाठ चुकले, काहींनी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या, आणि अखेरीस शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून शुद्ध पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी त्यात भर घालू नये अशी स्पष्ट ताकीद दिली. केवळ जुनी प्रत टाकून नवी लिहिल्याने शुद्धी होत नाही, आधार घेतलेल्या प्रतीची पारख केल्याने ती होते, हा एकनाथांच्या कार्याचा बोध आजच्या संगणकालाही तंतोतंत लागू आहे.

दुकानातील ज्या पेनड्राइव्हवरून दिवसाला अनेक यंत्रांत विंडोज बसवली जाते, तो कोठून आला, त्यातील प्रतीत कोणी काय मिसळले आणि परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी जोडलेले सॉफ्टवेअर आणखी काय करते, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. बीएसए (द सॉफ्टवेअर अलायन्स) या जागतिक उद्योगसंघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१७ साली भारतातील संगणकांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. संघटना सॉफ्टवेअर कंपन्यांची असल्याने आकड्याकडे सावधपणे पाहावे हे खरे, तरी परिस्थितीची दिशा त्यातून कळते. परवाना चुकवणारे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी आधी व्हायरसरोधक बंद करायला सांगितले जाते. व्हायरस काढण्यासाठी केलेल्या पुनर्स्थापनेची सुरुवातच अशा रीतीने पहारा उठवून होत असेल, तर तिला स्वच्छ म्हणता येत नाही. मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत आणि तिची ठशाशी केलेली पडताळणी हा यावरचा सरळ उपाय आहे. फाइलमधील सर्व मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेली ६४ अक्षर-अंकांची एक ओळ म्हणजे त्या फाइलचा ठसा. या पद्धतीला एसएचए-२५६ असे म्हणतात. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी ही सबंध ओळ बदलते, त्यामुळे कंपनीने प्रसिद्ध केलेला ठसा आणि उतरवलेल्या प्रतीचा ठसा जुळला की मधल्या वाटेवर कोणी हात घातला नाही याची खात्री पटते. एकनाथांना जे काम प्रत्येक ओवी ताडून करावे लागले, त्यातील पडताळणीचा भाग आज काही मिनिटांत होतो, आणि तरीही तो केला जात नाही.

या खात्रीलाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या साधनातच चोरदार ठेवले असेल, तर मूळ संहिता कितीही तपासली तरी ते सापडत नाही. विश्वास शेवटी माणसांवरच ठेवावा लागतो. २०१८ मध्ये ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी उघडकीस आणलेला लोजॅक्स हा घातक प्रोग्रॅम तर डिस्कऐवजी मदरबोर्डवरील चिपमध्ये दडत असे, आणि डिस्क पुसूनच नव्हे तर बदलूनही तो जात नसे. असे हल्ले दुर्मीळ आणि मोठ्या लक्ष्यांसाठी राखलेले असतात. गावातील सेवा केंद्राला त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. तथापि कोरी डिस्क म्हणजे सर्व दोषांचा अंत, ही भाबडी कल्पना सोडायला ती उदाहरणे पुरेशी आहेत.

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल की आता सर्व काही ऑनलाइन असल्याने स्थानिक यंत्रातील नोंदींचे महत्त्व संपले आहे. त्यात तथ्यांश आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो राज्याच्या सर्व्हरवर असतो, आणि आपले सरकार सेवा केंद्रातील संगणक फॉरमॅट झाल्याने कोणाच्या उताऱ्यातील एक गुंठाही कमी होत नाही. अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीची गुप्त किल्लीही ज्याला व्यवहारात डोंगल म्हणतात त्या छोट्या उपकरणात असते, म्हणून पुनर्स्थापनेनंतर फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो. परंतु सर्व्हरवर जाते ती पूर्ण झालेली, मान्य झालेली नोंद; त्या नोंदीपर्यंत पोहोचवणारी कच्ची कागदपत्रे, अर्जांच्या स्कॅन केलेल्या प्रती, मोजणीचे तक्ते, सभांचे इतिवृत्त, लाभार्थ्यांच्या याद्या आणि जुन्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमधील मागील वर्षांचे हिशेब हे सर्व स्थानिक डिस्कवरच राहिलेले असते. वाद उद्भवतो तेव्हा नेमकी हीच कागदपत्रे लागतात. शिवाय एखादी फाइल इंटरनेटवरील साठ्याशी जोडलेली असेल, तर स्थानिक यंत्रावर ती चुकून पुसली गेल्याचा परिणाम काही क्षणांत तिकडेही होतो. एकाच फाइलचे दोन ठिकाणी दिसणारे रूप आणि तिची स्वतंत्र राखीव प्रत या भिन्न गोष्टी आहेत.

पुसण्याचा निर्णय कायद्याच्या दृष्टीनेही निरपेक्ष नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या नमुन्यात वर सांगितलेल्या ठशाचाही उल्लेख करावा लागतो. ऑनलाइन फसवणूक झाल्यावर किंवा खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्यावर घाबरून लगेच फॉरमॅट मारल्यास हल्लेखोर कोठून आला, कधी आला, काय घेऊन गेला याच्या खुणाही पुसल्या जातात. अशा वेळी यंत्र नेटवर्कपासून तोडावे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, शक्य तर मूळ डिस्क काढून जपून ठेवावी आणि पुनर्स्थापना नव्या डिस्कवर करावी. डिस्कची किंमत तिच्यावरील पुराव्याच्या तुलनेत नगण्य असते.

या सर्वांवरून पुनर्स्थापना टाळावी असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. भीतीपोटी वर्षानुवर्षे न पुसलेले, आधार संपलेले आणि व्हायरसने पोखरलेले यंत्र हा स्वच्छ केलेल्या यंत्रापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे, कारण त्यातील नोंदी कोणत्या ना कोणत्या दिवशी आपोआप जाणारच असतात आणि तो दिवस संस्थेने निवडलेला नसतो. ज्या बिघाडाची वेळ निवडता येत नाही, त्याची तयारी वेळ निवडता येणाऱ्या पुनर्स्थापनेतून करता येते, हेच तिचे खरे मूल्य आहे. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याचा पर्यायही या दृष्टीने आदराने तपासला पाहिजे. लेखन, इंटरनेट, ईमेल आणि शाळेतील शिक्षण यांसाठी तो पुरेसा आहे, त्याला परवान्याचा खर्च नाही, आणि सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये भारतीय भाषांचा विचार मुळापासून झाला आहे. मात्र केवळ विंडोजवर चालणारे हिशेबी प्रोग्रॅम आणि बोटांचे ठसे घेणारी काही उपकरणे ज्या ठिकाणी अपरिहार्य आहेत, तेथे आधी चाचणी घेतल्याशिवाय हा बदल करू नये.

संस्थांची जबाबदारी यातून स्पष्ट होते. पुनर्स्थापनेपूर्वी यंत्रात काय काय आहे याची लेखी यादी असावी: डेटा कोणत्या फोल्डरात, कोणते प्रोग्रॅम आणि त्यांचे परवाने, कोणते फाँट, कोणत्या उपकरणांचे ड्रायव्हर, पार्टिशनांचे आकार आणि गूढलिपीची किल्ली. डेटाच्या भागाला ओळखू येईल असे नाव द्यावे. नोंदींच्या तीन प्रती, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, हा जगभर मान्य झालेला नियम पाळावा, आणि राखीव प्रतीची डिस्क काम झाल्यावर यंत्रापासून काढून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करतो. या जबाबदाऱ्या एखाद्या उत्साही लिपिकाच्या सद्‌बुद्धीवर न सोपवता संचालक मंडळाच्या ठरावात आणि पदभार देण्या-घेण्याच्या यादीत त्यांना स्थान मिळाले पाहिजे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक चालवणारी एक सबंध पिढी या राज्यात घडवली. संगणकातील नोंद जपणारी पिढी घडवण्याचे काम त्याच्या पुढचे आहे, आणि ते तितकेच व्यापक प्रमाणावर व्हायला हवे.

राखीव प्रत घेतली एवढ्यावरही समाधान मानता येत नाही, कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती असल्याचा भरवसा कोणालाच देता येत नाही. ३१ मार्चला प्रत्येक सहकारी संस्थेत रोख शिल्लक मोजली जाते, साठा तपासला जातो आणि ताळेबंद मांडला जातो. त्याच आठवड्यात राखीव प्रत एका दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर उतरवून कोणत्याही एका सभासदाचा खातेउतारा आणि कोणत्याही एका जुन्या सभेचा ठराव छापून पाहावा, आणि ही चाचणी झाल्याची नोंद लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात घ्यावी. त्यासाठी नवा कायदा, नवे अनुदान किंवा नवे सॉफ्टवेअर लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रत्येक विकास सोसायटी, पतसंस्था, ग्रामपंचायत आणि शाळेने येत्या आर्थिक वर्षअखेरीस ती सुरू करावी.